तोंडात तीळ भिजायला चार-पाच वर्षं लागतात

तीन वर्षांपूर्वी बाबांची सत्तरी होती. बहिणीने केक आणून फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे लपवला आणि तिच्या लेकीला, म्हणजे माझ्या भाचीला (तेव्हा साडेतीन वर्षांची) बजावलं की आबांना सांगायचं नाही हं, गंमत आहे. पोरीने मान डोलावली, ओठांवर बोट ठेवलं, आणि आबा फिरून आले, अजून चपला काढतायत तोवर दारातच जाहीर केलं, "आबा, फ्रिजमध्ये तुमचा केक नाहीये!"

सगळे हसले. पण संध्याकाळी आलेल्या एक काकू म्हणाल्याच, "बायकांच्या पोटात काही राहत नाही, बघा आत्तापासूनच." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. महाभारताच्या शांतिपर्वात कथा आहे, कर्ण आपला भाऊ होता हे कुंतीने लपवलं म्हणून युधिष्ठिराने समस्त बायकांना शाप दिला की तुमच्याकडे गुपित राहणार नाही. आता गंमत बघा, तिथे कुंतीने ते गुपित इतकी वर्षं राखलेलं असतं आणि शाप मिळतो तो राखल्याबद्दल! तर पोटात न राहण्याचा संबंध बाईमाणसाशी नाही आणि संस्कारांशीही फारसा नाही, साडेतीन वर्षांच्या कुठल्याही पोराला विचारा, मुलगा असो की मुलगी, केक फुटणारच. का फुटतो ते सांगतो, कारण मला ही भानगड प्रचंड आवडते.

तुमच्या फ्रीझरमध्ये आइस्क्रीमचा रिकामा डबा असेलच, ज्यात आता मटार आहेत. (नसेल तर तुमचं घर मराठी नाही.) मी तो भाचीसमोर ठेवला. यात काय आहे? "आइस्क्रीम!" उघडला, मटार निघाले, तोंड पडलं. झाकण परत लावलं आणि विचारलं, आता आबा येतील, त्यांनी डबा उघडलेला नाही, त्यांना काय वाटेल आत काय आहे? "मटार." बरं, आणि उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं? "मटार." अगदी शांतपणे, अर्ध्या मिनिटापूर्वी आइस्क्रीम म्हणून ओरडली होती ती!

ती खोटं बोलत नव्हती. मानसशास्त्रात ही टेस्ट प्रसिद्ध आहे, तिकडे चॉकलेटच्या गोळ्यांच्या डबीत पेन्सिल ठेवतात एवढाच फरक. त्याआधी १९८३ साली ऑस्ट्रियातल्या हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर यांनी मॅक्सी नावाच्या मुलाची गोष्ट मुलांना सांगून बघितली होती. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, तर परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं म्हणतात, जिथे आता आहे तिथे. साधारण चार-पाचनंतर उत्तर बदलतं, जिथे त्याने ठेवलं होतं तिथे. आणि १९८८ मध्ये अॅलिसन गॉप्निक आणि जॅनेट अॅस्टिंग्टन यांनी दाखवलं की लहान मुलं दुसऱ्याचाच नाही तर स्वतःचाही आधीचा चुकीचा समज सांगू शकत नाहीत, भाचीचं "मटार" ते हेच.

म्हणजे तिच्या लेखी जग एकच आहे आणि ते सगळ्यांच्या डोक्यात आपोआप सारखंच उमटतं. माझ्या डोक्यात एक आणि आबांच्या डोक्यात दुसरंच, आणि त्यांच्या डोक्यातलं चुकीचं असलं तरी ते वागणार त्याप्रमाणेच, हे कळेपर्यंत गुपित म्हणजे काय याला अर्थच नाही. राखायचं काय, ते तर सगळ्यांना माहीतच आहे! लपंडावात ही मंडळी पडद्यामागे लपून "मी इथे आहे" ओरडतात तेही यामुळेच. २००३ मध्ये जोन पेस्किन आणि विट्टोरिया आर्दिनो यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लपंडाव आणि चक्क वाढदिवसाच्या केकचं गुपित दिलं होतं, तीनवाली बहुतेक फुटली आणि पाचवाल्या बहुतेकांना जमलं. काकूंना हे सांगायला हवं होतं.

आता इथून पुढे जरा गुंता आहे. आबांना केक माहीत नाही हे मला माहीत आहे, ही झाली पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे, समजा रिया माझी मैत्रीण आहे, तर रियाला असं वाटतंय की मला वाटतंय की तिने कोणाला सांगितलं नाही, म्हणजे माझ्या डोक्यात रियाचं डोकं आणि तिच्या डोक्यात परत माझं, हे साधारण सहा-सातच्या सुमाराला जमायला लागतं, आणि मैत्रिणीचा विश्वास मोडणं म्हणजे नेमकं काय हे या पायरीशिवाय कळणं अवघड, कारण तिला कळलं तर माझ्याबद्दल काय वाटेल असा विचार आधी करता यायला हवा. (हे दोनदा वाचावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नका, मीही लिहिताना बोटं मोजली.)

आणि कळलं म्हणून लगेच जमतं असंही नाही, ब्रेकही लागतो. तो मेंदूच्या पुढच्या भागात असतो आणि तो भाग अगदी विशीपर्यंत पिकत राहतो. व्हिक्टोरिया टलवार आणि कांग ली यांनी २००२ मध्ये मुलांच्या पाठीमागे खेळणं ठेवून सांगितलं, वळून बघायचं नाही, आणि स्वतः खोलीबाहेर गेले. बरीच मुलं वळली. बघितलंस का? नाही! मग काय असेल ते खेळणं? आणि तीन ते पाचची मुलं बिनधास्त खेळण्याचं नाव सांगून मोकळी. सहा-सातवाल्यांतही साधारण निम्म्यांनाच "काय माहीत" असा चेहरा करता आला. "फ्रिजमध्ये केक नाहीये" ही त्याच जातीची गळती.

एकदा हे जमलं की मात्र पोरं मोठ्यांनाही गुंडाळतात. ते मिडब्रेन अॅक्टिव्हेशनचे क्लासेस आठवा, हजारो रुपये भरायचे आणि मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवणार. नाकाजवळच्या फटीतून दिसतं हो! फट नीट बंद केली की वाचन संपतं. त्यात खरी कमाल मिडब्रेनची नाहीच, आठ वर्षांचं पोर स्वतःच्या आईबापांना महिनोन्महिने सांगत नाही की मला खालून दिसतंय, ही कमाल आहे, आणि ती त्याला फुकटात आलेली असते.

मैत्रीचं म्हणाल तर झोई लिबरमन आणि अॅलेक्स शॉ यांचा २०१८ चा अभ्यास आहे, साधारण सहाच्या पुढची मुलं दोघींची मैत्री ओळखताना खाऊ कोणाला दिला यापेक्षा गुपित कोणाला सांगितलं याला जास्त वजन देतात. त्यामुळे पहिलीतल्या मुलीची गट्टी अशा कारणावरून कट्टीत बदलली की हसू नका, तिच्यासाठी तो मोठा व्यवहार आहे. आणि "आईशप्पथ सांगणार नाही" म्हणून फुटलेली पोर रात्री आई मरेल म्हणून रडते, ते आधी बंद करा. शपथेने कोणी मरत नाही हे तिला स्पष्ट सांगा.

एक फरक मात्र चौथ्या वर्षापासूनच शिकवावा, तो सोपा आहे आणि त्याला दुसरी पायरी लागत नाही. केक ही गंमत, ती संध्याकाळी फुटणार आणि सगळे हसणार. जे गुपित कधीच सांगायचं नाही, ज्याने पोटात गोळा येतो, किंवा जे कोणी मोठं माणूस हात लावून नाहीतर धाक दाखवून ठेवायला सांगतं, ते गुपित नाहीच, ते त्याच दिवशी आईला सांगायचं, आणि सांगितल्यावर आपण ओरडायचं नाही. घरात सांगता येत नसेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा फुकट नंबर मुलांना पाठ असू द्या.

भाची आता साडेसहाची आहे. यंदा बाबांचा बंद पडलेला जुना रेडिओ मी गुपचूप दुरुस्त करून आणला आणि फक्त तिला दाखवला. चार दिवस काही फुटलं नाही. वाढदिवसाला बाबांनी खोकं उघडलं, जरा जास्तच मोठ्याने "अरे वा!" म्हणाले, आणि नातीकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. तिने खरंच सांगितलं नव्हतं की दोघांनी मिळून मला गंडवलं, ते मला अजून कळलेलं नाही.