कीप-अलाइव्ह बंद करण्याआधी प्रीफोर्क की इव्हेंट ते बघा

कीप-अलाइव्ह म्हणजे एक उत्तर दिल्यावरही कनेक्शन पुढच्या रिक्वेस्टसाठी उघडं ठेवणं. सर्व्हरची मेमरी भरली की ‘कीप-अलाइव्ह बंद कर’ हा सल्ला हमखास मिळतो. प्रीफोर्क आणि इव्हेंट या अपाचे वेब सर्व्हरच्या कनेक्शन हाताळण्याच्या दोन पद्धती. अपाचे प्रीफोर्कवर चालत असेल तर त्यात थोडं तरी तथ्य आहे. इव्हेंटवर असेल तर नुसतं नुकसान: मेमरी फारशी वाचत नाही, टीसीपी-टीएलएसचा हँडशेक (कनेक्शन जोडतानाची सुरुवातीची देवाणघेवाण) मात्र पुन्हापुन्हा होतो.

प्रीफोर्क सगळ्यांना पाठ आहे: एक कनेक्शन, एक प्रोसेस. इव्हेंटमध्ये प्रोसेस थोड्या, प्रत्येकीत डीफॉल्टला २५ वर्कर थ्रेड (रिक्वेस्ट हाताळणारे धागे). पण खरी गोम आहे ती उत्तर पाठवून झाल्यावर काय होतं यात.

प्रीफोर्कची प्रोसेस उत्तर दिल्यावरही कीपअलाइव्हटाइमआउट (पुढच्या रिक्वेस्टसाठी थांबायची मुदत) संपेपर्यंत त्याच ब्राउझरची वाट बघत बसते. मॉड-पीएचपी (अपाचेच्या आतच पीएचपी चालवणारं मॉड्यूल) तिच्या पोटातच, त्यामुळे एक जेपीजी देऊन रिकामी झालेली प्रोसेसही, समजा, ४० एमबी अडवून ठेवते. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका साइटला सहापर्यंत कनेक्शन उघडतो. म्हणजे २५ जण एकदम आले की १५० जागा भरल्या. डेबियन लिनक्सच्या कॉन्फिगमध्ये मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स (एका वेळी हाताळायच्या रिक्वेस्टची कमाल मर्यादा) तेवढंच असतं. सव्विसावा रांगेत, सीपीयू निवांत. सर्व्हर-स्टेटस या अपाचेच्या स्थितीपानावर ‘के’च ‘के’ (कीप-अलाइव्हमध्ये थांबलेले) आणि ‘डब्ल्यू’ (उत्तर पाठवणारे) मोजकेच दिसले की समजायचं. मग कोणीतरी आकडा ४०० करतो. ४०० गुणिले ४० म्हणजे १६ जीबी, मशीन चार जीबीचं. स्वॅप (मेमरीऐवजी डिस्क वापरणं) सुरू, साइट आडवी. प्रीफोर्क सोडताच येत नसेल तर टाइमआउट २ सेकंदांवर आणा. कीप-अलाइव्ह चालूच ठेवा.

इव्हेंटमध्ये उत्तर गेलं की सॉकेट, म्हणजे ते उघडं कनेक्शन, लिसनर (वाट बघणाऱ्या) थ्रेडकडे जातो आणि वर्कर मोकळा होतो. रिकाम्या कनेक्शनची मेमरी किरकोळ. मात्र रिक्वेस्ट चालू असेपर्यंत थ्रेड अडकलेलाच, तेव्हा रेंगाळणाऱ्या क्वेरीवर हे औषध नाही.

टाइमआउट आणि कीपअलाइव्हटाइमआउट यांचीही गल्लत होते: पहिला चालू देवाणघेवाण अडली तर, दुसरा दोन रिक्वेस्टच्या मधल्या वेळेसाठी. झालं.

इव्हेंटवर जाताना मॉड-पीएचपी काढून पीएचपी-एफपीएम (पीएचपी अपाचेबाहेर वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणारी सेवा) लावा. डॉट-एचटीॲक्सेस या फोल्डरपुरत्या सेटिंग फाइलमध्ये ‘पीएचपी व्हॅल्यू’च्या ओळी राहिल्या तर थेट ५०० चा एरर येतो; त्या डॉट-यूजर-डॉट-आयएनआय या पीएचपीच्या सेटिंग फाइलमध्ये हलवा. रीलोड पुरत नाही, रीस्टार्टच करा. मेमरीचा प्रश्न आता एफपीएमच्या मॅक्स-चिल्ड्रेनवर (पीएचपी प्रोसेसच्या कमाल संख्येवर) येतो. तो आकडा काढताना ‘टॉप’ कमांडमधल्या आरईएसला (प्रोसेसने व्यापलेल्या मेमरीला) प्रोसेसच्या संख्येने गुणू नका: ऑपकॅशसारखी (पीएचपीच्या तयार कोडचा साठा) सामायिक मेमरी त्यात दर प्रोसेसमागे पुन्हा मोजली जाते. पीएसएस घ्या, त्यात सामायिक मेमरी प्रोसेसमध्ये वाटून मोजतात.