वाळवंटातला मुक्काम: आधी अंथरूण, मग पांघरूण

दिवाळी झाली की आमच्या कॅम्पिंगचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानात थरच्या वाळवंटाकडे निघालेल्या मंडळींचे फोन सुरू होतात. कुणी जैसलमेरजवळच्या समच्या धोऱ्यांवर, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर, निघालेलं असतं, कुणी खुरीला, कुणी कच्छच्या रणात. पहिला प्रश्न ठरलेला: "तुमच्याकडची सगळ्यात जाड स्लीपिंग बॅग कोणती?" आम्ही बॅगेखाली अंथरायच्या मॅटचं विचारलं की उत्तरही ठरलेलं: "मॅट नको हो, वाळू मऊच असते की!"

हे पत्रक मुख्यतः त्या उत्तरासाठी लिहिलं आहे. जाड बॅग नेऊन, मॅट इथेच ठेवून गेलेल्यांचा पहाटे मेसेज येतो की बॅग गरमच होत नाही, पाठ गारठली, रात्रभर कूस बदलत होतो. परत आल्यावर भाडं परत मागितलं जातं, आम्ही बॅग तपासतो, भरण जागच्या जागी असतं, चेन नीट असते. बॅगेत दोष नसतो. त्यांची रात्र गेलेली असते आणि आमचा अर्धा दिवस समजावण्यात जातो. म्हणून निघण्यापूर्वी हे एवढं वाचाच.

एक आधीच सांगतो. तुमचा मुक्काम पक्क्या तंबूत असेल आणि कॅम्पवाले खाट, गादी, रजई देणार असतील, तर आमच्याकडून बॅग घेऊ नका. फार तर एक लायनर, म्हणजे आत घालायची पातळ कापडी पिशवी, न्या, रजईच्या आत तुमचं स्वतःचं स्वच्छ कापड राहील. पुढचं सगळं उघड्यावर किंवा स्वतःच्या टेंटमध्ये, थेट वाळूवर झोपणाऱ्यांसाठी आहे.

पाठ का गारठते

स्लीपिंग बॅग स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब तुमच्या शरीराची असते. बॅगेच्या भरणात अडकलेली हवा ती बाहेर जाऊ देत नाही, एवढंच तिचं काम. तुम्ही आत शिरून आडवे झालात की अंगाखालचं भरण वजनाने दाबलं जातं आणि त्यातली हवा निघून जाते. वरून चार बोटं जाड वाटणारी बॅग पाठीखाली चादरीएवढी उरते. सर्वांत महागडी बॅग घेतलीत तरी खालच्या बाजूला हेच होणार. तिथे उपयोग असतो तो वजनाखाली न दबणाऱ्या थराचा, म्हणजे मॅटचा.

वाळू मऊ असते हे खरं, पण मऊपणाचा आणि उबेचा संबंध नाही. फसगत होते ती संध्याकाळमुळे. सूर्यास्ताला धोऱ्यावर बसलात तर वाळू हाताला छान कोमट लागते आणि वाटतं, हिच्यावरच ताणून द्यावी. पण हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असतं, त्यामुळे दिवसभराची उष्णता झपाट्याने वर निघून जाते. ढग किंवा दमट हवा असती तर त्यातली बरीचशी खाली अडकली असती, कोकणात अडकते तशी. मध्यरात्रीनंतर त्याच वाळूत हात घालून बघा, बोटं काकडतात. आणि आडवं झाल्यावर तुमच्या शरीराचा मोठा भाग तिलाच टेकलेला असतो.

मोबाइलवर दिसणारं तापमान हाही एक घोळ आहे. जैसलमेरला जानेवारीत दुपारी २३-२४ अंश असतात, पहाटे सरासरी ७-८ अंशांच्या आसपास, आणि थंडीची लाट आली की २-३ अंशांपर्यंतही उतरतं. पण हवामान खातं हे तापमान मोजतं ते जमिनीपासून साधारण चार फुटांवर, सावलीतल्या पेटीत. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून काही अंशांनी थंड असते. तुम्ही झोपणार जमिनीलगत. तेव्हा मोबाइल ६ दाखवत असेल तर तयारी २-३ ची ठेवा.

"आम्ही डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर एका चादरीवर काढलीय," असं सांगणारे बरेच असतात. काढली असेलही. पण गुहेत तीन बाजूंना कातळ, डोक्यावर छप्पर आणि शेजारी दाटीवाटीने झोपलेली दहा माणसं असतात. धोऱ्यावर डोक्यावर थेट आभाळ असतं.

कोणती मॅट

आमच्याकडे तीन प्रकारच्या मॅट आहेत: घडीची फोम मॅट, हवेची साधी मॅट आणि आतून अस्तर असलेली हवेची मॅट. मॅट किती ऊब राखते त्याच्या आकड्याला आर-व्हॅल्यू म्हणतात. आकडा जेवढा मोठा तेवढी खालची थंडी कमी. साधी हवेची मॅट १ च्या आसपास भरते. ती कितीही जाड आणि गुबगुबीत दिसली तरी आतली मोकळी हवा फिरत राहते आणि थंडी वर आणते. घडीची फोम मॅट २ च्या आसपास असते, अस्तराची ३ ते ५. एकावर एक दोन मॅट टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते. ही सोय लोकांच्या लक्षात येत नाही. डिसेंबर-जानेवारीसाठी ३ च्या पुढे राहा.

मग थेट अस्तराची हवेची मॅटच का नको? न्या, पण तिच्याखाली फोम हवाच, आणि त्याचं कारण भुरट. थरमध्ये हे गवत जिकडेतिकडे असतं. त्याची वाटाण्याएवढी काटेरी बोंडं मोज्यांना, पँटच्या दुमडीला, ग्राउंडशीटच्या खालच्या बाजूला चिकटून येतात. एक बोंड चिमटीत धरून बघा, काटे सुईसारखे आणि टोकाला उलटे असतात, ओढून काढताना बोटातच मोडतात. असं एक बोंड हवेच्या मॅटखाली राहिलं की रात्री अडीचला तुम्ही वाळूवर आलात म्हणून समजा. वर बाभळीचे आणि खेजडीचे काटे आहेतच. फोम मॅटला दहा काटे टोचले तरी तिचं काही बिघडत नाही. म्हणून आम्ही वाळवंटासाठी आधी फोम हातात देतो, जरी तिचं भाडं सगळ्यात कमी आहे.

हवेची मॅट नेलीच तर दुपारच्या उन्हात ताठ फुगवून ठेवू नका. आतली हवा तापून प्रसरण पावते आणि शिवण फाटते. रात्री ती आपोआप ढिली पडते, ते पंक्चर नाही. झोपताना दोन फुंकर जास्त मारा.

योगा मॅट चालेल का, हेही रोज विचारतात. ती पातळ असते, एकटीने भागणार नाही. पण गाडीने जाणार असाल तर घरची जाड गोधडी आणि त्याखाली योगा मॅट हा उत्तम बेत आहे. गोधडी अंगावर घ्यायला नाही, अंगाखाली घालायला न्या. ओझं सोडलं तर तिच्यात काही वाईट नाही आणि भाडंही वाचतं.

बॅगेवरचे तीन आकडे

चांगल्या बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. ते मोजण्याची पद्धत २००२ साली युरोपात ठरली. आज तिची जागा आयएसओ २३५३७ या मानकाने घेतली आहे. कम्फर्ट म्हणजे साधारण बांध्याची स्त्री ज्या तापमानात निवांत झोपेल ते. लिमिट म्हणजे पुरुष अंग आखडून, पण न उठता रात्र काढेल ते. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल, मात्र शरीर धोकादायक थंड पडू शकतं, असा आकडा. ऑनलाइन जाहिरातीत ठळक छापलेला "उणे १०" बहुतेकदा हाच तिसरा आकडा असतो. खरेदी कुठूनही करा, कम्फर्टचा आकडा विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. विक्रेत्याला तो सांगता येत नसेल तर बॅग तिथेच ठेवा. आणि हे सगळे आकडे बॅगेखाली मॅट घालूनच मोजलेले असतात.

थरसाठी नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत कम्फर्ट ५ ची बॅग पुरते. डिसेंबर-जानेवारीत ० ते २ ची घ्या. ज्यांना घरीही पंख्याखाली हुडहुडी भरते त्यांनी एक पायरी खाली उतरावं. लडाखात हुंडरच्या वाळूवर जाणाऱ्यांनी हा हिशेब विसरा, तिथली उंची तीन हजार मीटरच्या वर आहे. तुमच्यासाठी वेगळी बॅग काढून ठेवतो, आधी बोला.

डाऊन (पक्ष्यांच्या मऊ पिसांचं भरण) की सिंथेटिक (कृत्रिम धाग्यांचं भरण)? थरच्या कोरड्या हवेत डाऊन म्हणजे सोनं. हलकी, घडी लहान, ऊब भरपूर. पण भिजली की पिसं चिकटून बसतात आणि ऊब जाते. कच्छच्या रणात पहाटे दव पडतं, मिठाखालची जमीनही ओलसर असते. तिथे सिंथेटिकच न्या आणि खाली प्लॅस्टिकची ग्राउंडशीट घाला. रणासाठी डाऊन मागितली तर आम्ही नाही म्हणतो. तिचं भाडं जास्त आहे, म्हणजे नुकसान आमचंच, पण ओली डाऊन वाळवून पुन्हा फुलवायला आम्हाला दोन-तीन दिवस लागतात आणि तुमची रात्र जाते ती वेगळीच.

झोपायची जागा

धोऱ्याच्या माथ्यावर वारा असतो. दोन धोऱ्यांमधल्या खोलगटात थंड हवा वाहत येऊन साचते. वाऱ्याच्या आडोशाची, उताराच्या मधली सपाट जागा शोधा. खोलगटातून नुसतं वीस-पंचवीस पावलं वर सरकलात तरी फरक जाणवतो.

या भागात फुरसे आहे, विंचू आहे आणि मण्यारीची एक जात आहे. झोपलेल्या माणसाचा श्वास पिणाऱ्या सापाच्या गोष्टी राजस्थानात सांगतात, त्या याच मण्यारीबद्दलच्या. श्वास ती पीत नाही, पण जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते आणि पुष्कळदा दंश जाणवतही नाही, हे खरं आहे. कडाक्याच्या थंडीत हे प्राणी फारसे हिंडत नाहीत. ऑक्टोबर आणि मार्चमध्ये मात्र उघड्यावर झोपू नका. जाळीचा टेंट घ्या, चेन पूर्ण बंद ठेवा, सकाळी बूट झटकून घाला. रात्री पाय टेकवण्याआधी बॅटरीचा झोत टाका.

एप्रिल ते जूनसाठी आम्ही वाळवंटाकरिता काहीही भाड्याने देत नाही. राजस्थानातल्या फलोदीला (तेव्हा जोधपूर जिल्ह्यात) १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली होती. त्या दिवसांत तिकडे हौसेने मुक्कामाला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

थंडी वाजली म्हणून टेंटमध्ये सिगडी, कोळसे किंवा गॅस स्टोव्ह पेटता ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. त्यापेक्षा पाण्याच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरा, बाटली मोज्यात घाला आणि पायाशी ठेवा. कानटोपी घाला, दिवसभराचे घामेजलेले कपडे बदला. बॅगेत तोंड खुपसू नका, श्वासाच्या वाफेने आतलं भरण ओलं होतं. पाच-पाच स्वेटर घालून आत कोंबून घ्यायचीही गरज नाही, तेही भरण आतून दाबतात. एक कोरडा थर्मल आणि लोकरी मोजे पुरेत.

"मॅट गळ्यात मारता" याबद्दल

डिसेंबर-जानेवारीत वाळवंटासाठी आम्ही बॅग एकटी भाड्याने देत नाही, बॅग आणि मॅट अशी जोडीच देतो. यावर काही ग्राहक नाराज होतात आणि जास्तीचं भाडं काढायची युक्ती म्हणतात. जोडीत फोम मॅटचं भाडं निम्मंच लावतो, हे पावतीवर वेगळं दिसेल. तुमची स्वतःची मॅट असेल तर ती दुकानात आणून दाखवा, बॅग एकटी मिळेल. गोधडी दाखवलीत तरी चालेल.

लायनरही बॅगेसोबत सक्तीचा आहे. बॅग दर वेळी धुतली तर तिचं भरण लवकर मरतं. लायनर प्रत्येक ग्राहकानंतर गरम पाण्यात धुतला जातो. तुमच्या आधी बॅगेत कोण झोपलं होतं याची काळजी त्यामुळे उरत नाही, शिवाय थोडी ऊबही वाढते.

परत आणताना एकच विनंती, वाळू. बॅग उलटी करून झटका आणि चेनचे दात कोरड्या जुन्या टूथब्रशने साफ करा. चेन अडकली तर जोर लावू नका आणि खोबरेल तेल तर मुळीच लावू नका, तेलाला वाळू चिकटते आणि चेन कायमची जाते. चेन बदलायचा खर्च डिपॉझिटमधून कापावा लागतो, आणि ते करताना आम्हालाही बरं वाटत नाही. बॅग ओलसर असेल तर पिशवीत दाबून न भरता सैल आणा, वाळवायचं आम्ही बघतो.

बुकिंग करताना चार गोष्टी सांगा: तारखा, नेमकं ठिकाण, गाडीने जाणार की विमानाने, आणि झोपणाऱ्या प्रत्येकाची उंची. सहा फुटांच्या माणसाला आखूड बॅग दिली तर पायाकडचं भरण ताणून दबतं. जमलं तर निघण्याच्या आठवडाभर आधी दुकानात या. मागच्या खोलीत फरशीवर मॅट अंथरलेली असते. आधी नुसत्या बॅगेत फरशीवर दहा मिनिटं पडा, मग तीच बॅग मॅटवर घेऊन पडा, आणि काय न्यायचं ते तुम्हीच ठरवा.