ताशी किलोकॅलरी आणि ८६० चा आकडा

जुन्या बॉयलरच्या पाटीवर कोरलेलं असतं: २०,००० किलोकॅलरी/तास. शेजारच्या नव्या हीटरवर लिहिलेलं असतं: २४ किलोवॅट. दोघांत मोठा कोणता? आकड्यांकडे बघून पहिलाच वाटेल, पण आहे दुसरा, तोही थोड्याच फरकाने. २०,००० ला १.१६३ ने गुणलं की २३,२६० वॅट होतात, म्हणजे २३.२६ किलोवॅट. हिशेब एवढाच. पण हा १.१६३ आला कुठून, हे बघायला गेलं की कॅलरी वाटते तितकी साधी नाही हे कळतं.

आधी एक गल्लत दूर करू. कॅलरी ही उष्णतेची रक्कम आहे आणि वॅट हा ती उष्णता वाहण्याचा वेग. बादलीत पाणी किती आहे आणि नळाची धार किती जोराची आहे, हे दोन वेगळे प्रश्न. म्हणून ‘इतक्या कॅलरी म्हणजे किती वॅट?’ असं कुणी विचारलं, तर उलट विचारावं लागतं, ‘किती वेळात?’ सेकंदाला एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ वॅट. मिनिटाला एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ७० वॅट. तीच एक किलोकॅलरी तासभर पुरवून वापरली तर जेमतेम १.१६ वॅट. दिवसाला २,००० किलोकॅलरी खाऊन तेवढ्याच खर्च करणारा माणूस सरासरी ९७ वॅटवर चालतो. पाटीवरचा ‘ताशी’ हा शब्द वाचायचा राहिला की पुढचं सगळं गणित कोसळतं.

दुसरी गल्लत ‘किलो’ची. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ निकोला क्लेमां यांनी कॅलरी शिकवायला घेतली, ती एक किलो पाणी एक अंशाने तापवणारी. ग्रॅमवाली छोटी कॅलरी नंतर आली. खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर आजही पुष्कळदा ‘कॅलरी’ असं लिहून किलोकॅलरीच सांगितलेली असते. इथे चूक झाली तर ती थेट हजारपटीची होते.

मग जूल (उष्णतेचं दुसरं एकक; सेकंदाला एक जूल म्हणजे एक वॅट) आणि वॅट हाताशी असताना तंत्रज्ञ कॅलरीला का चिकटून राहिले? मला वाटतं, कारण पाणी. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण एक किलोकॅलरी लागते, म्हणजे पाण्याचा गुणधर्म त्या एककातच मुरलेला आहे. समजा, मिनिटाला १० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं आहे. १० गुणिले २५, मिनिटाला २५० किलोकॅलरी. तासाला १५,०००. कागद-पेन्सिलही लागत नाही. वॅट हवे असतील तेव्हाच १.१६३ ने गुणायचं: सुमारे १७.४ किलोवॅट. हेच गणित सुरुवातीपासून जुलमध्ये मांडलं तर ४.१८ हा आकडा पहिल्या पायरीपासून पायात येतो.

पण याच सोयीत खोट होती. पाणी सगळ्या तापमानांना सारखी उष्णता घेत नाही. गोठणबिंदूजवळ ते जरा जास्त मागतं, पस्तीसएक अंशांच्या आसपास सर्वांत कमी, आणि पुढे उकळीपर्यंत मागणी पुन्हा वाढत जाते. फरक एका टक्क्याच्या आसपासचा, तरी एककाच्या व्याख्येला तो परवडत नाही. त्यामुळे १५ अंशांची कॅलरी वेगळी, २० अंशांची वेगळी, शून्य ते शंभरची सरासरी काढलेली आणखी वेगळी, असा गोतावळा जमत गेला.

यातून वाट काढली वाफेच्या गुणधर्मांचे तक्ते करणाऱ्यांनी. १९२९ साली लंडनला भरलेल्या त्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पाण्याला बाजूला सारून कॅलरी थेट विजेला बांधली गेली: एक वॅट-तासाचा ८६० वा भाग म्हणजे एक कॅलरी. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी, हे अनेक तंत्रज्ञांना पाठ असतं. तो आकडा कुणी मोजून काढलेला नाही, ठरवून घेतलेला आहे. पुढे खुद्द वॅटचंच माप किंचित बदललं, तेव्हा १९५६ साली याच परंपरेतल्या परिषदेने कॅलरी ४.१८६८ जूल अशी पक्की केली. हा आकडा ओबडधोबड दिसतो, पण ४,१८६.८ ला ३,६०० ने भागून बघा. उत्तर येतं १.१६३, मागे काहीही बाकी न उरता. भागाकार सुटसुटीत यावा अशाच बेताने तो निवडलेला आहे. आजच्या मापाने एक युनिट म्हणजे ८५९.८ किलोकॅलरी, पण तोंडी हिशेबात ८६० अजून टिकून आहे.

रसायनशास्त्रज्ञांनी मात्र स्वतःची कॅलरी ठेवली, बरोबर ४.१८४ जुलांची. तिच्या हिशेबाने ताशी एक किलोकॅलरी म्हणजे १.१६२२ वॅट. दोन्हींत फरक दीड हजारात एक भाग. खरं तर १९४८ सालीच वजनमापांच्या सर्वसाधारण परिषदेने उष्णतेसाठीही जूल हेच एकक पत्करलं होतं. कॅलरी तरीही गेली नाही, कुठे कुठे वेश बदलून राहिली. शांत बसलेल्या माणसाचं शरीर किती उष्णता टाकतं यासाठी वातानुकूलनवाले ‘मेट’ वापरतात: त्वचेच्या दर चौरस मीटरला ५८.२ वॅट. हा विचित्र आकडा १.१६३ ने भागला की आतून ५० निघतात, चौरस मीटरला ताशी ५० किलोकॅलरी. शीतयंत्राचा एक ‘टन’ म्हणजे ३,५१७ वॅट, अर्थात ताशी ३,०२४ किलोकॅलरी. स्पेन आणि अर्जेंटिनात एसी विकताना तर उष्णता काढून घेणाऱ्या किलोकॅलरीला ‘फ्रिगोरिया’ असं वेगळं नावच आहे. तिथे ३,००० फ्रिगोरियांचा एसी म्हणजे जवळजवळ एक टनाचा.

आता पुन्हा त्या बॉयलरच्या पाटीकडे. तिच्यावरची कॅलरी वाफेच्या तक्त्यांतली धरा किंवा रसायनशास्त्रातली, २३ हजार वॅटांत फरक पडतो तो १६ वॅटांचा. प्रयोगशाळेत ज्वलनाची उष्णता मोजणाऱ्याला तेवढा फरक झोप लागू देणार नाही. बॉयलरवाल्याने त्या १६ वॅटांमागे लागण्यापेक्षा नळ्यांवरची काजळी खरवडलेली बरी.