अनाथ प्रमाणपत्र ते पदवी: अठरानंतरच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

बालगृहातल्या मुलाने पदवीपर्यंत शिकावे, ही अपेक्षा कायद्यात फार उशिरा आली. १९२४ च्या मुंबई बालक कायद्याला मूल रस्त्यावर आणि तुरुंगात दिसू नये एवढीच चिंता होती. मोठे झाल्यावर हाताला काम मिळाले की पुरे. १९८६ च्या कायद्यात मुलगा १६ पर्यंत आणि मुलगी १८ पर्यंत बालक. २००० च्या कायद्याने दोघांनाही १८ ची रेघ आखून दिली. अनुरक्षण, म्हणजे संस्था सोडल्यानंतरचा आधार, जास्तीत जास्त ३ वर्षांचा. २०१५ च्या कायद्याने तो १८ ते २१ असा वयाला बांधला. नियमांत अपवाद म्हणून आणखी २ वर्षांची सोय आहे.

महाराष्ट्रात मात्र या विषयाची चर्चा सुरू झाली ती अनुरक्षणावरून नव्हे, प्रमाणपत्रावरून. खुल्या प्रवर्गातील महिलांच्या राखीव जागेसाठी नॉन-क्रीमी लेयरचा दाखला लागत असे आणि तो मिळतो आईवडिलांच्या उत्पन्नावर. ज्यांना आईवडीलच नाहीत त्यांनी उत्पन्न कोणाचे दाखवायचे? स्पर्धा परीक्षेत याच कारणाने मागे पडलेल्या एका तरुणीचा प्रश्न मंत्रालयापर्यंत गेला. जानेवारी २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने अनाथांसाठी १ टक्का समांतर, म्हणजे जातीवर न बेतलेले, आरक्षण मान्य केले आणि २ एप्रिल २०१८ ला शासन निर्णय निघाला. त्याचा लाभ घ्यायला अनाथ असल्याचे प्रमाणपत्र लागते. मूळ दुखणे नोकरीचे होते. शिक्षण त्याच्यासोबत आले.

खरा गुंता 'अनाथ' या शब्दाचा. बोलीभाषेत आईबाप नसलेले मूल म्हणजे अनाथ. २०१५ च्या कायद्याची व्याख्या याहून रुंद आहे: ज्याचा कायदेशीर पालक सांभाळायला तयार नाही किंवा समर्थ नाही, असे मूलही तिच्यात बसते. २०१८ च्या शासन निर्णयाची व्याख्या या दोन्हींपेक्षा अरुंद. आईवडीलच काय, काका-काकू, आजी-आजोबा, कोणत्याही नातेवाइकाची माहिती उपलब्ध नको आणि एकाही कागदावर जातीचा उल्लेख नको. बोगस लाभार्थींची धास्ती त्यामागे होती, हे समजण्यासारखे आहे. पण परिणाम उलटा झाला. ज्या संस्थेतल्या समाजसेविकेने चौकशी करून आजीचे नाव, गाव, जात फाइलमध्ये नीट नोंदवली, तिथले मूल अपात्र ठरले. जिथे नोंदी कोऱ्या राहिल्या, तिथले पात्र. कामातली कुचराई मुलाच्या पथ्यावर पडली.

दुसरी अडचण 'परित्यक्त' या शब्दाची. कायद्यात टाकून दिलेल्या मुलाची व्याख्या वेगळी आहे आणि बालकल्याण समिती चौकशीअंती त्याला तसे घोषित करते. त्याचे आईवडील कुठेतरी जिवंत असू शकतात, म्हणून ते अनाथ नव्हे, असा प्रशासनाचा पवित्रा होता. पाळण्यात ठेवून गेलेल्यांच्या मृत्यूचा दाखला त्या मुलाने आणायचा कुठून, याला उत्तर नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन मुलींच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने परित्यक्त आणि अनाथ असा भेद करण्याला आधार नाही, असे सुनावले. व्याख्येतला 'पालक तयार नाही' हा भाग आधीच वाचला असता, तर न्यायालयापर्यंत जावे लागले नसते.

दरम्यान २३ ऑगस्ट २०२१ ला अनाथांचे अ, ब, क असे गट आले आणि ६ एप्रिल २०२३ ला ते मोडून 'संस्थात्मक' आणि 'संस्थाबाह्य' असे दोनच उरले. नातेवाइकांकडे वाढलेली मुले दुसऱ्या गटात.

कागदांची वाट मात्र तीच. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे, प्रमाणपत्र विभागीय उपआयुक्तांकडून. समितीचा प्रवेश आदेश, संस्थेच्या नोंदवहीचा उतारा, शाळेचा दाखला आणि असतील तर मृत्यूचे दाखले. अडते ते नावात: शिशुगृहात एक, बालगृहात दुसरे, दहावीच्या गुणपत्रिकेवर तिसरे. मूल सहाव्या वर्षी एका संस्थेतून दुसरीकडे जाते. जुनी फाइल मागेच राहते. म्हणून अर्ज दहावीतच करावा. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये अनाथ हा रकाना भरायचा राहिला, तर नंतर आलेले प्रमाणपत्र त्या वर्षी बहुधा निरुपयोगी.

शिवाय १ टक्क्याचे गणित. ६० जागांच्या वर्गात १ टक्का म्हणजे ०.६ जागा. शाखेनुसार मोजले तर हाती काहीच येत नाही. सगळ्या जागा एकत्र धरल्या तरच आरक्षणाला अर्थ राहतो.

आणि हे सारे प्रवेशापुरते. पदवी पूर्ण होण्याचा हिशेब वेगळा आहे आणि तिथे वयाचा फास बसतो. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना सोयीची तारीख लिहिली जाते. १ जूनला जन्मलेली मुले पटावर किती असतात, ते कोणत्याही गुरुजींना विचारा. असा मुलगा बारावीच्या निकालानंतर लगेच १८ चा होतो आणि प्रवेशफेऱ्या सुरू असतानाच बालगृहाबाहेर पडतो. नोंदच नसेल तर हाडांच्या चाचणीवर वय ठरते आणि त्यात एक-दोन वर्षांची चूक सहज होते. शाळेत उशिरा गेलेले मूल बारावीलाच १९-२० चे असते. तीन वर्षांची पदवी २१ च्या मर्यादेत बसवायची तर एकही वर्ष वाया जाऊन चालत नाही. अभियांत्रिकी २२ ला संपते, वैद्यकीय इंटर्नशिपसह २३ च्याही पुढे जाते.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करताना मुलींसोबत दोन्ही वर्गवारीतल्या अनाथ मुलामुलींनाही घेतले. हा मोठा दिलासा. पण मेस, खोलीभाडे, पुस्तके, प्रवास यांचा त्यात समावेश नाही. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत अनुरक्षणासाठी महिना ४,००० रुपये आहेत, तेही वयाच्या त्याच मर्यादेत. अनुरक्षण गृहे मुलग्यांसाठी मोजकी, मुलींसाठी त्याहून कमी. उन्हाळ्यात महाविद्यालयाचे वसतिगृह रिकामे करायला सांगतात, तेव्हा बाकीची मुले गावी जातात. या मुलाला त्या दीड-दोन महिन्यांसाठी खोली आणि काम दोन्ही शोधावे लागते, आणि जूनमध्ये ते काम सोडून वर्गात परतणे त्याला परवडेलच असे नाही.