जास्त वेटोळी म्हणजे जास्त चांगला कंडेन्सर?

कंडेन्सर म्हणजे वाफ थंड करून तिचा पुन्हा द्रव करणारी काचेची नळी. ‘आतली नळी जितकी वेटोळी, तितका कंडेन्सर भारी’ हा समज बी.एस्सी.च्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. अर्धाच खरा आहे. वेटोळ्यांमुळे थंड पृष्ठभाग वाढतो, हे कबूल. पण रिफ्लक्समध्ये (द्रव उकळत ठेवून त्याची वाफ थंड करून परत त्याच भांड्यात सोडणं) वाफ वर चढते आणि द्रव त्याच वाटेने खाली उतरतो. ग्रॅहॅम कंडेन्सरमध्ये वाफ वेटोळ्या नळीतूनच जाते; त्या अरुंद वेटोळ्यात दोघांची गाठ पडली की द्रव अडतो, खालून वाफेचा दाब वाढतो आणि वरच्या तोंडातून द्रवाची पिचकारी उडते. रिफ्लक्सला फुगवट्याफुगवट्यांच्या नळीचा आलीन कंडेन्सर घ्या. डिमरॉथ कंडेन्सरही वेटोळ्याचाच, पण त्यात पाणी वेटोळ्यातून फिरतं आणि वाफेला बाहेर ऐसपैस जागा मिळते, म्हणून तो चालतो.

ऊर्ध्वपातनाला (वाफ थंड करून द्रव दुसऱ्या भांड्यात गोळा करायला) मात्र साध्या सरळ नळीचा लीबिग कंडेन्सरच बरा. तिथे आलीन तिरका लावलात, तर प्रत्येक फुगवट्यात थोडा द्रव साचून राहतो आणि आधी आलेला द्रव नंतर येणाऱ्यात मिसळतो. उत्कलनबिंदू साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर असेल तर थंड करायला पाणीच नको. काच तडकू शकते. नुसती हवेवर थंड होणारी नळी पुरते.

(आणि हो, लीबिगचा कंडेन्सर मुळात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगचा नाही. वायगेल या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने तसा १७७१ मध्येच मांडला होता; लीबिगने तो लोकप्रिय केला.)