लिटिल चॅम्प्स (मुलांचा गाण्याचा टीव्ही शो)

लिटिल चॅम्प्स म्हणजे लहान मुलांची टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा, झी मराठीच्या ‘सा रे ग म प’चं मुलांचं पर्व. हिंदीत झी टीव्हीवर हा प्रकार २००६ मध्येच आला होता, पण आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत कुणी नुसतं ‘लिटिल चॅम्प्स’ म्हटलं की २००८-०९ चं मराठी पर्वच समजायचं. पल्लवी जोशी अँकर, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक, आणि शेवटच्या पाचांत आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत, पुण्याची आर्या आंबेकर. या पाचांना ‘पंचरत्न’ म्हणायला लागले ते आजतागायत. फेब्रुवारी २००९ च्या फायनलला कार्तिकी जिंकली, पण खरं सांगायचं तर आमच्याकडे अर्ध्या लोकांना कोण जिंकलं ते पटकन आठवत नाही, मुग्धाला ‘लिटिल मॉनिटर’ म्हणायचे ते मात्र सगळ्यांना आठवतं.

पद्धत नेहमीचीच, ऑडिशन, मग निवड, मग दर आठवड्याला लाइव्ह वाद्यवृंदाबरोबर गाणं, परीक्षकांचे मार्क आणि लोकांचे एसएमएस. वेगळं एवढंच की मार्क आकड्यांत नाही तर सुरांत, ध, नी, आणि फारच जमून गेलं तर वरचा सा. हे इतकं डोक्यात बसलं की घरी पोह्यांना पण लोक ‘नी’ द्यायला लागले.

ग्वाल्हेरात या शोचा एक उपयोग झाला जो चॅनलवाल्यांच्या डोक्यातही नसेल, तो म्हणजे उच्चार. लष्कर भागात शिंद्यांच्या काळापासून मराठी वस्ती आहे, पण मुलं शाळेत हिंदी-इंग्रजी, गल्लीत हिंदी, मराठी फक्त आजीशी, आणि तीही ‘मी येऊन राहिलोय’ वाली. त्यामुळे ‘कमळ’चं ‘कमल’ होतं, ‘चांदणं’मधला च ‘चहा’तल्या चसारखा येतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अभंगात ‘ज्ञानदेव’ ऐवजी ‘ग्यानदेव’. एका गणपतीत एक आठ-नऊ वर्षांची मुलगी अगदी सुरात अभंग म्हणत होती आणि ‘ग्यानदेव’ आला तसा मागच्या खुर्चीतून एका आजींचा आवाज आला, ‘द्न्या म्हण गं, द्न्या!’ पोरगी थांबली, पेटीवाले काका थांबले, तिने परत ओळ घेतली आणि बरोबर म्हटली. टीव्हीवर तिच्याच वयाची पोरं हे शब्द सहज म्हणताना दिसायला लागल्यावर आज्यांचं काम हलकं झालं, निदान शोच्या दिवसापुरतं तरी.

आता गंमत बघा, गाणं मुळात इथूनच तिकडे गेलेलं. हद्दू खाँ-हस्सू खाँ हे गवई ग्वाल्हेरचे, त्यांच्या परंपरेतल्या वासुदेवबुवा जोशींकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी १९ व्या शतकात ख्यालगायकी महाराष्ट्रात नेली, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. तेच गाणं शंभरेक वर्षांनी डिशच्या छत्रीतून परत आमच्या घरात आलं. इथे शिकवणारेही कमी नव्हते, कृष्णराव शंकर पंडितांचं शंकर गांधर्व महाविद्यालय १९१४ चं, भातखंड्यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं माधव संगीत महाविद्यालय १९१८ चं. त्यामुळे जुने क्लासवाले शोवर नाराजच असायचे. एक यमन राग वर्षभर घोटायचा आणि इथे दोन मिनिटांत मुखडा, अंतरा, टाळ्या. त्यांचं म्हणणं चूक नाही, पण क्लासला नवीन पोरं यायला लागली ती शो बघूनच, हेही त्यांनीच सांगितलंय.

ऑडिशनला निघायच्या आधी काही आईबाप मुलांना हजीऱ्याला तानसेनच्या समाधीवर नेतात, तिथल्या चिंचेचं पान चावलं की गळा गोड होतो म्हणे. पान आंबट लागतं, मुलं तोंड वाकडं करतात, फोटो मात्र छान येतो.

गळ्याचा खरा प्रश्न वेगळाच, मुलांचा आवाज फुटतो. लहानपणी मुलगा-मुलगी दोघं पेटीच्या काळी चार-पांढरी पाच पट्टीला सा धरून गातात, पण तेरा-चौदाव्या वर्षाच्या आसपास मुलाचा सा काळी एक-दोनपर्यंत खाली येतो, आणि मधल्या काळात आवाज चिरकतो, ताना सुटतात, कधीकधी काही महिने गाणं बंदच ठेवावं लागतं. मुलींचाही आवाज बदलतो पण इतका नाही. टीव्हीवर गाजलेल्या पोराला हे जास्त जड जातं, कारण लोकांना तोच जुना आवाज हवा असतो.

मुलांच्या कामाबद्दल नियम आहेत, बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत फिक्स डिपॉझिट. आईबापांपैकी कितींना हे माहीत असतं देव जाणे.

२०२१ मध्ये शो परत आला, अँकर मृण्मयी देशपांडे, आणि ते पाचही जण आता ज्युरीत. डिसेंबर २०२३ मध्ये मुग्धा आणि प्रथमेशचं लग्न झालं तेव्हा आमच्या कॉलनीत बायका अशा बोलत होत्या की जणू ही दोन्ही पोरं यांच्याच अंगणात वाढली. आणि गणपतीतल्या गाण्याच्या स्पर्धेत मार्क अजून ध, नी, वरचा सा असेच देतात, फक्त ‘ग्यानदेव’ म्हटलं तर सरळ ‘ग’.