वॉक कुणाच्या खात्यात? संयम विरुद्ध ताकद या वादाची पार्श्वभूमी

क्रिकेटमध्ये वाइडची धाव अवांतरात जाते, फलंदाजाच्या नावावर नाही. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकड्यांतला तक्ता, ज्या पत्रकारानं रुजवला तो इंग्लंडात जन्मलेला, क्रिकेटच्या बातम्या देता देता या खेळाकडे वळलेला. बेसबॉलमध्ये पिचरनं, म्हणजे बॉल फेकणाऱ्यानं, स्ट्राइक झोन या मारण्याजोग्या चौकटीबाहेर टाकलेले ठरावीक बॉल बॅटरनं सोडले की त्याला पहिला बेस फुकट मिळतो; तो वॉक. या पत्रकाराच्या लेखी वॉक ही पिचरची चूक होती. बॅट न फिरवता बेसवर गेलेल्या माणसाचं त्यात कर्तृत्व काय? संयमी बॅटर थोर की दणकेबाज, या वादाचं मूळ या हिशेबात आहे.

वॉक तेव्हा दुर्मीळही होता. १८७९ साली त्यासाठी असे नऊ बॉल लागत. तो आकडा घटत, मध्येच वाढत १८८९ मध्ये चारवर थांबला. या धरसोडीत १८८७ च्या हंगामात एक अजब निर्णय झाला: वॉक म्हणजे हिट, जणू बॅटनं मारूनच बेस गाठला, असं धरायचं. एका वर्षात तो गुंडाळला गेला, पण वहीत जो घोळ व्हायचा तो होऊन बसला.

त्या वर्षीच्या शिकागोच्या कर्णधाराचं उदाहरण घ्या. ४७२ ॲट-बॅटमध्ये (वॉक सोडून मोजलेल्या बॅटिंगच्या पाळ्यांत) १६४ हिट, म्हणजे सरासरी .३४७. त्यात ६० वॉक दोन्हीकडे मिळवा: ५३२ मध्ये २२४, म्हणजे .४२१. डेट्रॉइटच्या आउटफिल्डरची सरासरी वॉक सोडून .३७२, वॉक धरून .४०७. एका हिशेबानं त्या वर्षीचा अव्वल बॅटर डेट्रॉइटचा, दुसऱ्यानं शिकागोचा. १९६८ मध्ये विक्रमांची छाननी करणाऱ्या समितीनं ते वॉक हिटमधून काढून टाकले. २००० मध्ये खेळाच्या वरिष्ठांनी पलटी मारली, त्या त्या वर्षी जे अधिकृत होतं तेच खरं म्हणून. आजही दोन संदर्भग्रंथ उघडले तर दोन उत्तरं मिळू शकतात. मला विचाराल तर १८८७ वाल्यांचं गणित ढोबळ होतं, नजर मात्र पक्की होती.

पुढे होम रनचं, म्हणजे बॉल मैदानाबाहेर धाडण्याचं, युग आलं. १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या ज्या बॅटरनं ५४ होम रन मारले, त्यानंच १५० वॉकही घेतले. लोकांच्या लक्षात राहिले ते ५४. बॉस्टनचा डावखुरा तर १९४१ मध्ये .४०६ च्या सरासरीनं खेळला, त्याचं बेसवर पोचण्याचं प्रमाण .५५३ होतं, तरी निर्णायक क्षणी इंचभर बाहेरचा बॉल सोडतो म्हणून स्थानिक पत्रकार त्याच्यावर डाफरत. कारकिर्दीत ५२१ होम रन आणि २०२१ वॉक. त्याला कुठल्या गटात बसवणार?

बेसवर पोचण्याचं प्रमाण मोजा, असं १९५४ मध्ये एका जनरल मॅनेजरनं मासिकात जाहीरपणे मांडलं. ते अधिकृत आकड्यांत यायला १९८४ उजाडलं.

मग २००२ चं ओकलंड. वॉक स्वस्तात विकत घ्या, ही त्यांची रीत. सलग २० विजय, एकूण १०३. तिप्पट पगार मोजणाऱ्या न्यूयॉर्कचेही तेवढेच. यावरचा सिनेमा आपल्याकडेही पाहिला गेला. पण त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला ओकलंडचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ३४ होम रन मारणारा आणि वॉक जेमतेम ३८ घेणारा होता, हे सांगायला कुणी फारसं उत्सुक नसतं.

२००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बॅटरला २३२ वॉक मिळाले. त्यातले १२० तर जाणूनबुजून दिलेले. होम रनच्या धाकानं पिचर समोर टाकायलाच तयार नसत. उत्तेजकांच्या संशयामुळे ते आकडे आजही कुणी सरळ मनानं वाचत नाही. पुढे बॉल उंच उचलून मारायची टूम निघाली आणि २०१८ मध्ये इतिहासात पहिल्यांदा हिटपेक्षा स्ट्राइकआउट (बॉल हुकवून किंवा झोनमधला सोडून तीन स्ट्राइकवर बाद होणं) जास्त झाले. वॉक, होम रन, स्ट्राइकआउट. मैदानातले बाकीचे नुसते उभे.

२०२६ पासून पंचाच्या कौलाला आव्हान देता येतं आणि त्यासाठीचा स्ट्राइक झोन बॅटरच्या उंचीवर बांधला गेला आहे: वरची कड उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ वर. पंचाचा कौल पटला नाही तर बॅटर लगेच हेल्मेटवर हात मारतो आणि कॅमेऱ्यांनी टिपलेली बॉलची वाट पडद्यावर दिसते. चुकीची आव्हानं संघाला दोनच माफ. डीआरएसप्रमाणेच इथेही आत बसलेल्यांकडे पाहून विचारायची सोय नाही.